पाचवी चिमणी

कोंबडीच्या दुखण्यावर कोंबडीच्या किमतीहून अधिक खर्च करावा काय? प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी तो दोन दिवस गांभीर्याने चर्चिला गेला.

वाडीतील एक तांबडी कोंबडी सकाळी डालगे उचलले तरी बाहेर येईना. पिसे फुलवून, शेपूट खाली टाकून ती बसून होती. मधूनच कुंथत होती. कोंबडी आपले दुखणे लपविते. दुबळ्या पाखराला इतर पाखरे टोचून हैराण करतात, म्हणून अंगात त्राण असेतो ती धडधाकट असल्याचेच दाखविते. ती उघड आजारी दिसली की दुखणे बरेच पुढे गेले आहे असे समजावे. शेजारच्या मावशींनी पाहताक्षणी निदान केले, अंडे अडकले आहे. उपायही सांगितला : "मरायच्या आत कापून टाका."

या सल्ल्यात क्रौर्य नव्हते. आम्ही कोंबड्या पाळतो त्या अंड्यांसाठी आणि सणासुदीच्या रश्श्यासाठी. जिला उद्या खावयाचे, तिला आज जगविण्याची धडपड हे ढोंग नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्या पाखराचा दाणा, निवारा आणि मोकळे फिरण्याची वेळसुद्धा आपण ठरविली, त्याच्या वेदनेतून आपल्याला अंग काढून घेता येत नाही. उपाय उरला नसता, तर झटपट सुरी फिरविणे हीच दया ठरली असती. पण कोमट पाणी अजून करून पाहिले नव्हते.

राहिला पैशाचा प्रश्न. गुरांच्या दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाभाड्यात दुसरी तलंग आली असती. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांना दयेने वागविणे हे आपले देणे मानतो. आणि माणसांचे दुःख निवारण्यासाठी प्राधान्याने लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही त्याच ठिकाणी बजावतो. हे बंधन आम्हांला मान्य आहे. मात्र त्याचा आधार घेणाऱ्याने वाचलेला पैसा खरोखर कोणा गरजूकडे गेला का, हेही पाहावे. आमच्या घरी तो बहुधा गेला नसता. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. म्हणजे पाचवी वर फुकट. देवाला विसर पडत नाही, तो तिचाही.

नुसत्या हिशेबाने आम्ही पूर्वी एकदा वागलो आहोत. वाडीत मानमोडी आली होती. राणीखेत म्हणतात तोच हा रोग. त्यावर औषध नाही, लस तेवढी आधी टोचावी लागते. आम्ही टोचली नव्हती. हिरवी हगवण, वाकड्या झालेल्या माना, रोज एक-दोन पाखरे जात होती. वरून निरोगी दिसणाऱ्या तीन कोंबड्या आम्ही घाईने बाजारात नेल्या. एका बाईने त्या पाळण्यासाठी घेतल्या. "अंड्यावर आहेत ना?" तिने विचारले. आम्ही "होय" म्हटले, आणि ते खोटे नव्हते. तिच्या खुराड्यात पुढे काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. तिला पुन्हा शोधण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही.

तांबडीला आम्ही वेगळ्या टोपलीत, पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले. घमेल्यात कोमट पाणी घेऊन पोटापर्यंत वीस मिनिटे बसविले. सुरुवातीला तिने पंख झाडून सर्वांना भिजविले, मग डोळे मिटले. मागील बाजूस हलक्या हाताने खोबरेल लावले. पोट दाबावयाचे नाही, आत अंडे फुटले तर कोंबडी दगावते, हे मावशींनीच बजावले. कापण्याचा सल्ला देणाऱ्या मावशी रात्री दोनदा येऊन पाहून गेल्या. सकाळी रिक्षा बोलवावी असे ठरले. पहाटे टोपलीत मऊ कवचाचे, वेडेवाकडे अंडे पडलेले होते.

आता तिला दाण्याबरोबर कालवांच्या शिंपल्यांची पूड देतो. ती हिंडते, खाते, पण अंडी घालत नाही. नाताळ जवळ येत आहे. तिचे काय करावयाचे, हा विषय घरात अजून कोणी काढलेला नाही.