किती कमी पुरेल?

शस्त्रक्रिया नीट पार पडलेली असते, टाके सुकत आलेले असतात, घरी जायची तयारी चाललेली असते. आणि पलंगावरून उठता उठता रोगी कोसळतो. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली असते. गुठळी अशी प्रवास करते हे बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवले होते. पण कळले म्हणून टळले नाही.

सुरुवातीची धडपड गुठळी उपसून काढण्याची होती. लायप्झिगच्या फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ मध्ये छाती उघडून ती काढण्याची पद्धत मांडली, पण त्यांचा एकही रोगी वाचला नाही. पहिले यश त्यांचे शिष्य मार्टिन किर्शनर यांना १९२४ मध्ये मिळाले.

हेपारिन आले तेव्हा खरा पेच उभा राहिला. जखम मिटवते तीच गुठळी आणि जीव घेते तीही गुठळीच. ताज्या टाक्यांच्या माणसाला रक्त गोठू न देणारे औषध द्यायला शल्यचिकित्सक बिचकत, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

वाट सापडली ती मात्रेत. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन एकदा तयार झाले की ते थोपवायला भरपूर हेपारिन लागते. ते तयारच होऊ द्यायचे नसेल तर थोडक्यात भागते. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगी होते ४,१२१. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी आणि नंतर दर आठ तासांनी ५,००० युनिट हेपारिन कातडीखाली दिले. फुप्फुसातल्या मोठ्या गुठळीने दगावलेले शवविच्छेदनात आढळले ते असे: औषध न दिलेल्यांत १६, दिलेल्यांत २. जखमेत रक्त साकळण्याचे प्रमाण मात्र औषध घेतलेल्यांत जास्त होते, आणि तेही अहवालात नोंदवले गेले. या चाचणीचे मोठेपण त्या नोंदीतही आहे. वाचलेले जीव मोजणाऱ्यांनी वाहिलेले रक्तही मोजले.

ही मोजदाद पुढे आणखी कडक झाली. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे गुठळी होऊ नये म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांची गोळी शस्त्रक्रियेआधी बंद करावी लागते. त्या मधल्या दिवसांत हेपारिनची इंजेक्शने देण्याचा प्रघात कित्येक वर्षे होता. तो २०१५ च्या ‘ब्रिज’ चाचणीत उघडा पडला. इंजेक्शन न दिलेल्यांत धमनीतल्या गुठळीचे प्रमाण ०.४ टक्के, दिलेल्यांत ०.३, मोठा रक्तस्राव मात्र अनुक्रमे १.३ आणि ३.२ टक्के. बहुतेकांच्या बाबतीत ती खबरदारी रक्तस्रावच वाढवत होती.

शस्त्रक्रियेनंतरची गुठळी टाळण्यासाठीही आता सरसकट सुई टोचणे मागे पडले आहे. हर्नियाची छोटी शस्त्रक्रिया झालेल्या धडधाकट माणसाला त्याच दिवशी चालवले की बहुधा पुरते. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर इंजेक्शने चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेत थोडासा रक्तस्रावही घातक ठरतो. तिथे आधी पोटऱ्यांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या लावतात आणि औषधाचा विचार नंतर होतो.