मुक्काम कोणाच्या पाण्यावर?

लॅपटॉपवर नोकरी चालवत एकेका गावी महिना-दोन महिने राहणारी मंडळी गोव्यात आणि हिमाचलातल्या बीर-धर्मशाळेत आता सवयीची झाली आहेत. अमरावती-अकोल्याकडे ती फारशी फिरकत नाहीत. चिखलदऱ्याच्या गारव्यात काही दिवस टेकलेला एखादा संगणक अभियंता, किंवा २०२०च्या टाळेबंदीत पुण्या-बंगलोरहून घरी परतून इथूनच कंपनीचं काम करू लागलेली तरुण पोरं, एवढाच वऱ्हाडचा या प्रकाराशी संबंध. तरीही या जगण्यातला मूळ प्रश्न विचारायला वऱ्हाडासारखी जागा नाही. फिरत्या माणसाने कुठे किती दिवस थांबावं, कोणाचं काय घ्यावं आणि घेतलेलं कसं फेडावं, याचा विचार या मुलखात तेराव्या शतकापासून होत आला आहे. तो विचार करणाऱ्यांनी तो स्वतःच्या पायांनी तपासूनही पाहिला.

असा मुक्काम आखताना लोक काय विचारतात ते पाहू. इंटरनेटचा वेग किती, वीज किती वेळा जाते, खोलीत धड टेबल-खुर्ची आहे का, अमेरिकेतल्या साहेबांच्या घड्याळाशी आपलं जमेल का, जवळचं स्टेशन कोणतं. अमरावतीपुरती यांची उत्तरं सोपी आहेत: बडनेरा हे हावडा-मुंबई मार्गावरचं स्टेशन, आणि १६ एप्रिल २०२५पासून बेलोऱ्याहून मुंबईला विमानही जातं. मेळघाटात शिरलं की मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणजे तिथे बैठका ठेवू नयेत. हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांची दिशा एकच आहे, त्या गावाकडून मला काय मिळेल. माझं म्हणणं असं की दोन दिवस राहणाऱ्याला एवढं पुरेल, दोन महिने राहणाऱ्याला पुरणार नाही. लांबलेला मुक्काम माणसावर ऋण चढवतो, आणि या ऋणाचा हिशेब बेत ठरल्यावर नव्हे, बेत ठरवतानाच करायला हवा. भाडं चुकतं केलं की तो पुरा होतो, ही समजूत मला चुकीची वाटते.

आपल्याकडच्या धर्मपरंपरांनी हा हिशेब फार आधी केला आहे, आणि तो आपण समजतो तितका अलौकिक नाही. अतिथीला देव मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदाचा. तो सगळ्यांना पाठ असतो, आणि पाहुणा तर फारच मनावर घेतो. मनुस्मृतीत मात्र अतिथी म्हणजे एका रात्रीचा पाहुणा, हे सहसा कोणी सांगत नाही. संन्याशासाठी गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री असा दंडक धर्मशास्त्रांत आढळतो. पाहुणचार अमर्याद असल्याचा देखावा ठेवून शास्त्रकारांनी त्याची मुदत गुपचूप बांधून टाकली होती. वर्षावासाची गोष्ट याहून बोलकी आहे. पावसाळ्यात भिक्षू कोवळी हिरवळ आणि बारीक जीव तुडवत हिंडतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि त्यावरून बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला, अशी हकीकत विनयपिटकात आहे. जैन मुनींचा चातुर्मासही अशाच काळजीतून आला. प्रवासाचं वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीवर न सोडता, ज्यांच्या जमिनीवरून तो चालतो त्यांच्या हंगामावर बसवायचं, हे त्यातलं तत्त्व. तक्रार गावकऱ्यांची होती आणि बदल फिरस्त्यांनी केला, हा त्यातला क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

वऱ्हाडात या विचाराची दोन टोकं सापडतात. पहिलं अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाच्या साधकाला भिक्षा, अटन, विजन आणि स्मरण असा आचार घालून दिला. त्यातलं अटन म्हणजे मनाला येईल तिकडे भटकणं नव्हे. त्याला नियम होते आणि सीमाही होती. महाराष्ट्रात राहावं, तेलंग आणि कानडी देशांत जाऊ नये, असं त्यांनी अनुयायांना सांगितलं होतं. ओळखीच्या माणसांचा आणि मुलखाचा लोभ सोडावा, झाडाखाली राहावं, एकाच घरावर भार न टाकता दारोदार थोडं थोडं मागून खावं. घेणं इतकं कमी करायचं की ऋण चढायलाच जागा उरू नये, हा त्यामागचा हिशेब. चक्रधर कुठे थांबले त्या ठिकाणांची तपशीलवार नोंद करणारी ‘स्थानपोथी’ या पंथाने लिहून ठेवली, इतकं मुक्कामाचं भान त्यांना होतं. आणि गंमत अशी की या फिरस्त्या पंथाला पूज्य असलेले चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरलाच रमले. तिथल्या मातंगांचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून त्यांनी विहीर खोदायला लावली, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. जो गावात थांबला त्याला गावाच्या पाण्याचा प्रश्न टाळता आला नाही.

दुसरं टोक गाडगेबाबांचं. १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात जन्मलेला डेबूजी १९०५ साली घर सोडून निघाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या पुलापाशी वारला. मधली पन्नासेक वर्षं तो फिरतच होता. पण हे फिरणं महानुभाव साधकाहून फार वेगळं. गावात शिरलं की आधी खराटा. रस्ते झाडायचे, गटारं मोकळी करायची, पडेल ते अंगमेहनतीचं काम करायचं, मग भाकर, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे कीर्तनाचे विषय. काम केल्यावाचून अन्नाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही कधी सैल केला नाही. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे त्यांनी गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र त्यांत मुक्काम करायचं टाळलं. अस्पृश्य वारकऱ्यांसाठी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. घेणं कमी करण्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी देणं आधी आणि घेणं नंतर असा क्रमच लावून दिला.

या दोन टोकांच्या मध्ये आजचा लॅपटॉपवाला कुठे बसतो? महानुभाव साधकासारखा तो मोकळा असतो. गावाच्या भांडणात नाही, पंचायतीत नाही, मतदार यादीतही नाही. पण साधकाने मोकळेपणाची किंमत म्हणून भोगलेली वाण त्याने घेतलेली नसते. त्याला खोली हवी, कूलर हवा, चोवीस तास वीज हवी. काम तो गाडगेबाबांसारखंच रोज करतो, फक्त ते काम दुसऱ्या कुठल्या तरी शहरासाठी असतं. साधक सगळीकडूनच सुटलेला असायचा. हा दूरच्या एका जागेला घट्ट बांधलेला असतो आणि जिथे राहतो तिथून तेवढा सुटलेला असतो. अमेरिकेच्या वेळेवर रात्रभर जागून सकाळी झोपणाऱ्याला अकोल्याचा बाजार, शाळेला निघालेली पोरं, शेजारची भांडीकुंडी यांपैकी काहीच भेटत नाही.

यावर पहिला आक्षेप रोखठोक आहे: भाडं देतो, खानावळीत पैसे देतो, किराणा गावातूनच घेतो, मग ऋण कसलं? वऱ्हाडच्या उन्हाळ्यात या आक्षेपाचं उत्तर पाण्यात मिळतं. अकोला शहर काटेपूर्णा धरणावर जगतं, अमरावती अप्पर वर्ध्यावर. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथे बोअरचं पाणी खारट निघतं, म्हणजे नळ लांबला तर जमिनीखालचं पाणी प्यायला उपयोगी नाही. मे २०२४मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने उष्णतेपायी कलम १४४ लागू केलं होतं. अशा दिवसांत दुपारभर घरात बसून काम करायचं म्हणजे कूलर चालू ठेवायचा, आणि कूलर विजेइतकंच पाणीही खातो. त्या पाण्याचे पैसे घरमालकाला मिळतात. टाकी लवकर रिकामी झाल्याचा त्रास वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला होतो. दोघे एक नाहीत. टंचाईच्या जागी पैसा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, पण ज्याच्या वाट्याचं कमी झालं त्याच्यापर्यंत पोचत नाही. भाडं हा करार दोघांचा असतो, पाणी मात्र सगळ्या गल्लीचं.

दुसरा आक्षेप असा की संतांची मापं संसारी माणसाला लावू नयेत. आठ-नऊ तासांची नोकरी करणाऱ्याने खराटा कधी घ्यायचा? हा आक्षेप मला अर्धाच पटतो. घरदार सोडून वणवण फिरणं कोणी मागत नाही. पण गाडगेबाबांची कीर्तनं संसारी माणसांसाठीच होती, आणि वर्षावासाचा नियम ज्यांच्या बोलण्यावरून आला ते सामान्य लोक होते. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेचे ४१ अध्याय गावात राहणाऱ्या, कष्टाने पोट भरणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले. या परंपरेत नियम घालणारे संत असले तरी पाळणारे आपल्यासारखेच होते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. चार आठवड्यांसाठी आलेल्या उपऱ्याने गावाची सेवा करायला निघणं हा उद्धटपणाच नाही का? गावाला काय हवं हे त्याला काय ठाऊक? शनिवारी मेळघाटात जाऊन कोरकू मुलांना तासभर इंग्रजी शिकवायचं आणि त्यांच्यासोबतचे फोटो मिरवायचे, ही सेवा बहुधा करणाऱ्यालाच जास्त पोसते. इथे गाडगेबाबांनी काम कोणतं निवडलं ते पाहावं. खराट्याला गावाची परवानगी लागत नाही, त्यासाठी गावाहून शहाणं असावं लागत नाही. शिवाय त्या काळात ते काम जातीच्या उतरंडीत सगळ्यांत खाली ढकललेलं होतं. ते हाती घेणारा गावाच्या डोक्यावर बसत नाही, गावाच्या पायाशी येतो. कीर्तन रात्री, झाडलोट दिवसा. बोलण्याचा अधिकार त्यांनी आधी अंगमेहनतीने मिळवला. उपऱ्यालाही हीच वाट मोकळी आहे. जिथे राहतो तिथला जिना झाडावा, आपला कचरा आपण वेगळा करावा, आणि शिकवायची हौस असेल तर कोणी बोलावल्याशिवाय शिकवू नये. ज्याला एवढंही जमणार नाही त्याने महानुभावांचं माप धरावं: कमी दिवस राहावं, कमी घ्यावं, आणि भार एकाच जागी पडू देऊ नये. लांब राहायचं असेल तर मात्र गाडगेबाबांचा क्रम टळत नाही.

राहता राहिलं, इतका हिशेब करून प्रवासातली मजा मरते हे म्हणणं. पंढरीला निघालेल्या दिंड्या पुढच्या मुक्कामाचं पाणी आणि भाकर आधी ठरवूनच निघतात, आणि वारीत मजा नसते असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा वऱ्हाडात महिनाभर राहून काम करायचा बेत असेल, तर इंटरनेटच्या वेगाआधी घरमालकाला दोन प्रश्न विचारा: नळ किती दिवसांनी येतो, आणि टाकी किती बिऱ्हाडांची? दिवसाच्या वेळेत निदान तासभर तरी गावात मोकळं राहता येईल असं कामाचं घड्याळ कंपनीशी आधीच ठरवून घ्या. बेत एप्रिल-मेचा असेल तर तो रद्द करा आणि दिवाळीनंतर या. तेव्हा धरणं बहुधा भरलेली असतात, शेतात कापूस वेचणीला आलेला असतो, आणि कूलर माळ्यावर गेलेला असतो.