वहीचे एक पान

बसा. सावकाश बसा.

लॅपटॉप उघडा राहू द्या. प्रोजेक्टरची वायर नंतर जोडू.

समोर तुमचा ई-पोर्टफोलिओ आहे. पाठ टाचणे, सूक्ष्म अध्यापन, आंतरवासिता, प्रमाणपत्रे. बी.एड.ची दोन वर्षे एका लिंकमध्ये मावली आहेत. थोड्या वेळाने परीक्षक येतील, सहाध्यायी येतील, आणि दहा मिनिटांत सगळे दाखवावे लागेल.

आत्ता कुणाला काही दाखवायचे नाही.

श्वास घ्या. सोडा.

प्रमाणपत्रे मिटून ठेवा. सहा मिनिटांच्या सूक्ष्म पाठाचा व्हिडिओही राहू द्या. आंतरवासितेचे फोल्डर उघडा. बी.एड.च्या २०१४ च्या नियमांनी दुसऱ्या वर्षातले किमान १६ आठवडे शाळेसाठी राखले. त्या आठवड्यांतला एकच फोटो निवडा.

सहावीतल्या एका मुलाची वही. चौकटीचा कागद, पेन्सिलीचे अक्षर. कोपऱ्यातले नाव तुम्ही कागदाच्या पट्टीने झाकले आहे. बरे केलेत.

आता पाहा.

१/२ + १/३ = २/५

बोट लगेच पुढच्या पानाकडे नेऊ नका. इथेच थांबा.

त्याखाली आणखी एक.

१/४ + १/४ = २/८

श्वास घ्या. पुन्हा पाहा.

मुलाने अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दोन्ही वेळा तसेच. हा अंदाज नव्हे. त्याच्याजवळ एक नियम आहे आणि तो इमानाने पाळला आहे. पूर्ण संख्यांनी इतकी वर्षे त्याला हेच तर शिकवले: आकडा दिसला की मिळवायचा.

आता त्याच्या उत्तराजवळ जा. अर्धी भाकरी. तीत आणखी एक तृतीयांश. आणि ताटात अर्ध्याहूनही कमी?

पाव आणि पाव मिळून पुन्हा पावच?

उत्तर देऊ नका. ही अडचण तुमच्या आत थोडी राहू द्या. मुलाच्या आत ती अजून उगवलेलीच नाही.

छेद सारखे करण्याची रीत त्या दिवशी फळ्यावर आधीच लिहून झाली होती. तुमचे अक्षर सुंदर होते. फळ्याचाही फोटो आहे. तो पाहा, आणि हळूच परत वहीकडे या.

वही काय म्हणते, ऐका.

आता पुढचा फोटो. कागदाची एक लांब पट्टी, घड्या घालून सहा समान भाग केलेली. तीन भाग रंगवलेले, म्हणजे अर्धी. मग आणखी दोन, म्हणजे एक तृतीयांश. रंगलेल्या भागांवर एक छोटे बोट टेकलेले.

पाच भाग. सहापैकी पाच.

या दोन फोटोंच्या मध्ये काय घडले?

ते कुठल्याही फाइलमध्ये नाही. पाठ टाचणात नाही, निरीक्षकांच्या शेऱ्यात नाही. ते फक्त तुमच्याजवळ आहे. डोळे मिटा आणि तिथे जा.

तुम्ही बाकाशेजारी वाकला आहात. विचारता, “हे कसं केलंस, सांग बरं?”

मूल गप्प आहे. तुम्हीही गप्प राहता. वर्गात गलबला आहे, तास संपत आलाय, तरी तुम्ही गप्प राहता.

त्या गप्प राहण्यात थोडा वेळ बसा. मला वाटते, तुमच्या पोर्टफोलिओतली सर्वांत मोठी कमाई तीच आहे. रंगीत तक्ते आणि हसऱ्या वर्गाचे फोटो पुष्कळांकडे असतील.

मग मूल बोलते. “वरचे वर मिळवले, खालचे खाली.”

हे शब्द आठवा. जसेच्या तसे. त्यांना तुमच्या भाषेत नीटनेटके करू नका.

डोळे उघडा. फोटोखाली वर्णनाची मोकळी जागा आहे. तिथे मुलाचे वाक्य लिहा. त्याखाली तुमचा प्रश्न लिहा. आणि उद्या तोच पाठ घ्यायचा झाला, तर पट्टी फळ्याच्या आधी येईल की नंतर, तेही लिहा.

श्वास घ्या.

आता वायर जोडा. मुखपृष्ठ, परिचय, उद्दिष्टे ओलांडून थेट या पानावर या. पहिले वाक्य मुलाचे असू द्या. ते उच्चारून जरा थांबा, खोलीतल्या प्रत्येकाला २/५ नीट पाहू द्या.

प्रमाणपत्रे शेवटी. वेळ उरला तर.