जाणतं गिऱ्हाईक

'सरकारला जमलं नाही ते खासगी कंपनीनं करून दाखवलं,' हे वाक्य परवा पुन्हा कानावर आलं. स्पेसएक्सचं कर्तृत्व मोठंच आहे, ते इथं सांगत बसत नाही. खटकतो तो वाक्याचा पहिला भाग. डिसेंबर 2008 मध्ये नासानं अंतराळ स्थानकाला माल पोचवण्याच्या 12 फेऱ्यांचं 1.6 अब्ज डॉलरचं कंत्राट या कंपनीला दिलं, तेव्हा तिचं फाल्कन-1 रॉकेट चार प्रयत्नांत एकदाच कक्षेत पोचलं होतं. एवढा भरवसा टाकणारं दुसरं गिऱ्हाईक बाजारात कुठं होतं?

सरकारी की खासगी, हा भेद मला वरवरचा वाटतो. यान बांधून घेणं वेगळं, फेरीचे पैसे मोजणं वेगळं. शटल नासानं बांधून घेतलं. आराखडा नासाचा आणि वाढेल तो खर्चही नासाचाच. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाची किंमत आधी ठरली, वरचा खर्च कंपनीच्या अंगावर. यात पैसा वाचतो, हे निर्विवाद.

एक उद्योजक स्नेही याच्याही पुढं जातात. फेरी विकतच घ्यायची, तर नासाला इतके अभियंते हवेत कशाला, असं त्यांचं म्हणणं.

याचं उत्तर एका अपघातात आहे. 28 जून 2015 रोजी स्थानकासाठी माल घेऊन निघालेलं स्पेसएक्सचं फाल्कन-9 रॉकेट उड्डाणानंतर 139 सेकंदांनी फुटलं. दुसऱ्या टप्प्यातल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीत हेलियमच्या बाटल्या आधाराच्या दांड्यांनी धरलेल्या असतात. त्यातली एक दांडी तुटली. 10,000 पौंडांचा भार सोसणारा तो भाग 2,000 पौंडांतच गेला, असं कंपनीनं सांगितलं आणि पुरवठादाराच्या मालाला दोष दिला. नासाच्या स्वतंत्र चौकशीनं मात्र बोट कंपनीकडेच दाखवलं. दांडीच्या टोकाचा ओतीव पोलादी भाग साध्या औद्योगिक दर्जाचा होता, तो पुरेसा तपासला नव्हता, आणि भाराच्या चौपट ताकद राखण्याची उत्पादकाची सूचनाही पाळली नव्हती. म्हणजे इथं कंपनी स्वतःच गिऱ्हाईक होती, आणि माल पारखण्यात कमी पडली. तसं ठणकावून सांगायला नासाकडे पोलादाची जात ओळखणारी माणसं होती.

2024 मध्ये बोईंगच्या स्टारलायनरनं सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्थानकावर गेले, तेव्हा वाटेत हेलियम गळला, पाच थ्रस्टर बंद पडले. परतीला धोका नाही, असं बोईंगचं मत. नासानं ते मानलं नाही आणि यान रिकामं उतरवलं. ते सुखरूप उतरलं, हे खरं. तरीही नकार योग्यच होता, कारण थ्रस्टर असे का वागतात याचा उलगडा झाला नव्हता. दोघं मार्च 2025 मध्ये ड्रॅगननं परतले. स्टारलायनरची किंमतही आधीच ठरलेली होती, म्हणून फेरी विकत घेण्याची रीत कितीही आवडली तरी तिच्यावर सगळा भार टाकणं आता मला पटत नाही. नाही म्हणण्याइतकं ज्ञान हवं, आणि नाही म्हटल्यावर वापरायला दुसरं यान हवं.

जून 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्लांच्या उड्डाणाआधी फाल्कन-9 मध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोचं पथक चर्चेला बसलं, आणि गळती काढून चाचणी घेतल्यावरच उडायचं ठरलं. जागेचे पैसे भारतानं मोजले होते, पण त्या चर्चेत वजन होतं ते स्वतः क्रायोजेनिक इंजिनं बांधलेल्यांच्या शब्दाला. त्याच वर्षी नोकरकपातीच्या योजनेत नासाच्या हजारो कर्मचाऱ्यांनी बाहेर पडायची तयारी दाखवली. फेऱ्या विकत मिळतात म्हणून अशी माणसं कमी होणार असतील, तर त्यापेक्षा फेरी महाग पडलेली मला चालेल.