शिट्टी कृतीवर वाजते, जन्मावर नाही



ओमानमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना मोठे खेळ जवळून पाहण्याची संधी अनेकदा मिळाली आहे. २०१८ साली आशियाई चॅम्पियन्स करंडक हॉकी मस्कतला झाली, २०२१ साली टी-ट्वेंटी विश्वचषकाचे पहिले सामने अल अमेरातच्या मैदानावर झाले, जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक हॉकी इथेच झाला आणि २०२४ च्या जानेवारीत हॉकी फाइव्ह्जचा पहिला विश्वचषकही. शुक्रवार-शनिवारी तर जिथे मोकळी जागा दिसेल तिथे आपली मुले बॅट घेऊन उतरतात.

सामना संपतो, पण वाद संपत नाही. पंचाने पेनल्टी चुकीची दिली, आपल्या खेळाडूला उगाच कार्ड दाखवले, समोरचा संघ खिलाडूवृत्तीने खेळला नाही, हे सगळे ऑफिसच्या कँटीनमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि घरात जेवतानाही चालू राहते. खेळात एवढे चालायचेच, यात धम्माचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. शिक्षा कशाची द्यावी, निवाडा कोणी करावा आणि निवाडा पटला नाही तर माणसाने कसे बोलावे, या तिन्ही प्रश्नांवर तथागतांनी भिक्खू संघाला तपशीलवार नियम दिले आहेत.

शिक्षा कशाची?

हॉकीचा नियम पाहा. हिरवे कार्ड मिळाले तर खेळाडू २ मिनिटे बाहेर. पिवळे मिळाले तर किमान ५ मिनिटे. लाल मिळाले तर उरलेला सामना बाहेर. कार्ड दाखवताना पंच खेळाडूचे गाव, आडनाव, आईवडील विचारत नाही. त्याने काय केले एवढेच पाहतो. हिरव्या किंवा पिवळ्या कार्डाची मुदत संपली की खेळाडू मैदानात परत येतो आणि पहिल्यासारखाच पूर्ण खेळाडू असतो. मोठ्या स्पर्धांमध्ये निर्णय पटला नाही तर व्हिडिओ पंचाकडे दाद मागण्याचा हक्क संघाला असतो. दाद बरोबर ठरली तर हक्क शिल्लक राहतो, चुकीची ठरली तर जातो.

आता याच्या शेजारी जातिव्यवस्था ठेवून पाहा. तिथे शिक्षा आहे, पण चूक दाखवलेली नाही. मुदत नाही. दाद मागायला जागा नाही. बाप बाहेर बसला म्हणून मुलगाही बाहेर बसतो. वसल सुत्तात तथागतांनी माणसाची पारख जन्मावरून काढून घेतली आणि त्याच्या कर्मावर ठेवली. हे सुत्त ज्याला कळले त्याला पंचाचे काम लगेच कळेल. शिट्टी कृतीवर वाजते, जन्मावर नाही.

मैदानाबाहेरची शिक्षा

पण मैदानाच्या सीमारेषेपर्यंतच हा नियम चालतो, हे आपल्या समाजाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पळवणकर बाळू हे आपल्या देशातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात खेळताना चहा मात्र वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर दिला जाई. योग्यता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही.

शंभर वर्षांनंतर काय झाले? टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला हॉकीपटू. ४ ऑगस्टला उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाने पेनल्टी कॉर्नरवर दोन गोल केले आणि भारत २-१ असा हरला. त्या संध्याकाळी हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात वंदनांच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाच केला आणि जातीवरून शिवीगाळ केली. संघात दलित खेळाडू फार झाले म्हणून हार झाली, असे ते म्हणाल्याचे कुटुंबाने तक्रारीत सांगितले.

त्या सामन्यात कुठला पास चुकला, कुठला बचाव कमी पडला, यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्यांना खेळावर बोलायचेच नव्हते. ते कृती सोडून जन्मावर आले होते.

आणि वंदना? दोन दिवसांनी, ६ ऑगस्टला, कांस्यपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध त्या पुन्हा मैदानात होत्या आणि त्यांनी गोल केला. तो सामना भारत ४-३ असा हरला. पुढच्या जानेवारीत त्या मस्कतला आल्या, सुलतान काबूस क्रीडा संकुलात खेळल्या आणि भारताने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वंदनांच्या कुटुंबाने गप्प बसून सोसले नाही, ते पोलिसांकडे गेले. उपेक्षा म्हणजे अन्याय मुकाट्याने पाहणे, असा अर्थ काही जण करतात. तो चुकीचा आहे. उपेक्षा म्हणजे मनाचा तोल. तोल सांभाळून तक्रार करता येते, आणि तोल सांभाळला तरच ती नीट करता येते.

पंच खरोखर चुकला तर?

पंचांकडूनही चुका होतात. ५ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धेचा उपान्त्य सामना. भारत आणि ऑस्ट्रेलिया १-१ बरोबरीत. भारताचा गोल वंदनांचाच. निकाल शूटआउटवर गेला. ऑस्ट्रेलियाचा पहिला प्रयत्न गोलरक्षक आणि कर्णधार सविता यांनी अडवला. तेवढ्यात सांगण्यात आले की आठ सेकंदांचे घड्याळ सुरूच झाले नव्हते, प्रयत्न पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा गोल झाला. भारत शूटआउट ०-३ असा हरला.

संताप साहजिक होता. जगभरातल्या भारतीय चाहत्यांनी तो व्यक्त केला. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने नंतर या प्रकाराबद्दल माफी मागितली. पण निकाल बदलला नाही. संघाने काय केले? नाराजी स्पष्ट बोलून दाखवली, आणि ७ ऑगस्टला न्यूझीलंडला शूटआउटमध्ये हरवून कांस्यपदक घेतले. या स्पर्धेत महिला हॉकीचे पदक सोळा वर्षांनी आले. घड्याळावर बसलेल्या माणसाचा देश किंवा वंश काढून त्यातले काहीही मिळाले नसते.

कोसंबीचे भांडण

अशा वादाची गोष्ट आपल्या विनयातही आहे. कोसंबीला एक विनयधर भिक्खू होते आणि एक धम्मकथिक. दोघेही विद्वान, दोघांचेही शिष्य पुष्कळ. एकदा धम्मकथिकांनी शौचालयातल्या भांड्यात वापरून उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधर म्हणाले, हा दोष आहे. धम्मकथिक म्हणाले, असेल तर मी मान्य करतो. त्यावर विनयधर म्हणाले, मुद्दाम केले नसेल तर दोष नाही. गोष्ट तिथेच मिटायला हवी होती. पण विनयधरांनी आपल्या शिष्यांना सांगितले की त्यांना स्वतःचा दोषही कळत नाही. शिष्य जाऊन धम्मकथिकांच्या शिष्यांना बोलले. इकडून उत्तर गेले की तुमचे गुरू आधी दोष नाही म्हणतात, मग आहे म्हणतात, म्हणजे ते खोटे बोलतात. शेवटी धम्मकथिकांवर बहिष्काराची कारवाई झाली आणि संघाचे दोन तट पडले. उपासक-उपासिकाही दोन बाजूंना वाटले गेले.

भांडे एक, पाणी ओंजळभर. वाढवले ते दोन्हीकडच्या चाहत्यांनी.

तथागतांनी काय केले ते पाहा. ज्यांनी शिक्षा दिली त्यांच्याकडे ते गेले आणि समजावले की केवळ आपल्याला दोष वाटला म्हणून घाईने एखाद्याला बाहेर काढू नका, संघ फुटेल याचा विचार करा. मग ज्याला शिक्षा झाली त्याच्या बाजूला गेले आणि समजावले की जाणत्या लोकांना दोष दिसत असेल तर त्यांच्यावर विश्वास ठेवून तो मान्य करा. पंचालाही सांगितले आणि खेळाडूलाही सांगितले. कुणाची बाजू घेतली नाही. दोन्ही तट ऐकेनात, तेव्हा तथागत त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले.

भांडण मिटवले कोसंबीच्या उपासकांनी. त्यांनी भिक्खूंना अभिवादन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. मग भिक्खू श्रावस्तीला गेले, त्या भिक्खूने दोष मान्य केला आणि संघाने त्याला सन्मानाने परत घेतले. शिक्षेचा शेवट परत घेण्यात झाला, हे विसरू नये.

तक्रारीच्या पाच कसोट्या

दुसऱ्याचा दोष दाखवणाऱ्याने आधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत, असे विनय सांगतो. वेळ योग्य आहे का? गोष्ट खरी आहे का? शब्द मृदू आहेत का? त्यातून काही हित होणार आहे का? मनात मैत्री आहे की द्वेष?

आमच्या आयटी क्षेत्रात बग नोंदवताना काय घडले, कुठल्या पायरीवर घडले, काय व्हायला हवे होते, एवढेच लिहायचे असते. कोड लिहिणारा कुठल्या गावचा, हे लिहिले तर बग सुटत नाही, माणूस मात्र दुखावतो. सम्यक वाचेचेही असेच आहे.

आपल्यासाठी ही कसोटी जास्त कडक आहे. जन्मावरून शिवी खाल्लेल्या समाजाची आपण मुले आहोत. मस्कतमध्ये आपल्या शेजारी ओमानी, पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन बसून सामना पाहतात. आपला मुलगा टीव्हीसमोर एखाद्या खेळाडूचा देश, धर्म किंवा रंग काढून ओरडला आणि आपण हसून सोडून दिले, तर रोशनाबादच्या फटाक्यांविरुद्ध बोलण्याचा आपला अधिकार कमी होतो. त्याला तिथेच थांबवावे आणि विचारावे, बाळा, त्याने नेमके काय चुकीचे केले ते सांग.

२८ ऑक्टोबर २०१८ ला याच मस्कतमध्ये भारत-पाकिस्तान अंतिम सामना पावसामुळे होऊ शकला नाही आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. त्यामुळे कुणाचेही काही कमी झाले नाही. हेही मुलांना सांगावे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली की बैठकीची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान, निंदेचा ठराव हे सगळे नियम भिक्खू संघाला माहीत होते. त्याच भाषणात त्यांनी बजावले की आपली गाऱ्हाणी संविधानाच्या मार्गानेच मांडली पाहिजेत. नियम करणारे आणि नियमाने दाद मागणारे, असा आपला वारसा आहे. संसदेत तो चालतो, तसाच रविवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि शुक्रवारच्या मैदानावरही चालला पाहिजे.

या उपोसथाला पंचशील ग्रहण करताना चौथ्या शीलाशी क्षणभर थांबू या आणि आठवड्यात आपण कुणाबद्दल काय बोललो ते पाचही प्रश्नांवर तपासू या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.