मुक्या पाल्याचे घर बदलताना

ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्या हिताचा निर्णय दुसऱ्याने कोणत्या अधिकाराने घ्यावा, हा प्रश्न फार जुना आहे. अज्ञान मुलाच्या बाबतीत कायद्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. गाय, घोडा, कुत्रा यांच्या बाबतीत ते उत्तर सहवास देतो. कारण हे प्राणी आपले सुखदुःख माणसास कळेल अशा रीतीने दाखवितात. परंतु जो प्राणी धन्यास ओळखत नाही, हाकेला ओ देत नाही, ज्याला कुरवाळणे म्हणजे त्याला भिवविणेच होय, त्याच्या बाबतीत काय करावे? हा प्रश्न आम्ही येथे एका अनपेक्षित प्राण्याच्या निमित्ताने घेत आहोत. तो प्राणी म्हणजे टॅरंटुला या नावाने ओळखला जाणारा मोठा केसाळ कोळी. आणि निमित्त आहे त्याला जुन्या पेटीतून नव्या पेटीत हलविण्याचे.

विषय ऐकून काही वाचक हसतील, काहींच्या अंगावर काटा येईल. दोन्ही स्वाभाविक आहे. तथापि युरोप-अमेरिकेत हा कोळी हौसेने पाळणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या या हौसेचे शास्त्रही तयार झाले आहे. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाचे विल्यम बेअर्ग यांनी वर्षानुवर्षे हे कोळी पाळून त्यांचे निरीक्षण केले आणि १९५८ साली त्यांच्यावर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या प्रदेशासही हा प्राणी परका नाही. सह्याद्रीच्या उतारावर, मातीच्या दरडींत बिळे करून राहणारी थ्रिग्मोपियस नावाची जात १८९९ साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदली, ती कारवारकडील भागात सापडलेल्या नमुन्यांवरून. रस्त्याच्या कडेच्या ज्या दरडीकडे आपण पाहतही नाही, तिच्यात हा गृहस्थ आपला संसार मांडून बसलेला असतो.

संसार हा शब्द आम्ही थट्टेने वापरलेला नाही. या कुळातील मादीचे आयुष्य दीर्घ असते. कित्येक जातींच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात. नर मात्र वयात आल्यावर बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि बहुधा लवकरच मरतो. मादी आपले घर सहसा सोडीत नाही. टॅरंटुलाच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी एका कोळिणीची हकीकत या बाबतीत ध्यानात घेण्यासारखी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक विदुषीने १९७४ साली झाकणाचे बीळ करणाऱ्या कोळ्यांची पाहणी आरंभिली. त्यांतील ‘सोळा क्रमांका’ची मादी त्याच एका बिळात त्रेचाळीस वर्षे जगली. २०१६ साली ते बीळ रिकामे आढळले. त्याच्या झाकणास गांधीलमाशीने भोक पाडलेले होते. त्रेचाळीस वर्षे आणि एकच उंबरठा! अशा कुळातील जिवाचे घर बदलणे ही सामान सरकविण्यासारखी किरकोळ बाब नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

आणि तरीही पाळलेल्या कोळ्याचे घर बदलावे लागते. अंड्यातून निघालेले पिल्लू धान्याच्या दाण्याएवढे असते. ते एका लहानशा डबीत ठेवतात. कारण मोठ्या जागेत त्याला भक्ष्य सापडणे कठीण जाते आणि पाळणाऱ्यास ते दिसेनासे होते. पुढे दर खेपेस कात टाकून ते वाढते. दाण्याचे बोट होते, बोटाचा तळहात होतो. रानात असते तर त्याने आपले बीळ आपणच रुंदावले असते. डबीची भिंत त्याला रुंदावता येत नाही. म्हणजे ज्याने त्याला भिंतीआड ठेवले, त्याच्यावरच ती भिंत योग्य वेळी मागे सारण्याचे ऋण येऊन पडते.

येथे आम्हांस १८९० सालच्या पालक आणि पाल्य कायद्यातील एक कलम आठवते. न्यायालयाने नेमलेल्या पालकास, काही अपवाद वगळता, न्यायालयाच्या परवानगीवाचून पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर हलविता येत नाही. या नियमाचे मर्म असे की, दुसऱ्याला त्याच्या भल्यासाठी हलवितो असे म्हणणाऱ्याने ते भले आधी कोणापुढे तरी सिद्ध करून दाखविले पाहिजे. कोळ्याच्या बाबतीत असे न्यायालय नाही. अर्ज करणारा पाळणारा, विरुद्ध पक्षाची बाजू मांडणारा पाळणारा आणि निकाल देणाराही पाळणाराच. कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे पहिले सूत्र येथे पाळताच येत नाही. अशा वेळी एकच उपाय उरतो. तो म्हणजे पुरावा आपल्या इच्छेचा न घेता त्या मुक्या पाल्याच्या देहाचा घेणे.

हा पुरावा कोणता? कोळ्याच्या पायांचा पसारा पेटीच्या तळाच्या मानाने किती झाला आहे. माती कुजली आहे किंवा तिला बुरशी आली आहे काय. बीळ करण्यापुरती खोली उरली आहे काय. ही झाली बदलाच्या बाजूची साक्ष. तिच्या विरुद्धही साक्ष असते. पोट फुगून काळपट, तुकतुकीत दिसू लागले, कोळ्याने अन्न नाकारले, बिळाचे तोंड जाळ्याने बंद केले, म्हणजे कात टाकण्याची वेळ जवळ आली असे समजावे. मग तो पाठीवर उताणा पडतो आणि तासन् तास निश्चल असतो. अजाण मनुष्य त्याला मेलेला समजून उचलू पाहतो, आणि त्या उचलण्यानेच तो मरावयाचा. कात टाकल्यानंतर त्याचे विषदंतही प्रथम पांढरे आणि मऊ असतात. ते काळे आणि कठीण होण्यास पिल्लाला काही दिवस, मोठ्या मादीला आठवडा-दोन आठवडे लागतात. या मुदतीत घर बदलणे म्हणजे आजारी माणसाला खाटेसह रस्त्यावर आणण्यासारखे आहे. मुहूर्त त्याचा पाहावयाचा, आपल्या रविवारच्या सुटीचा नव्हे.

अग्राह्य पुरावाही सांगितला पाहिजे. नवी काचपेटी बैठकीत शोभून दिसेल, कोळी लपून न बसता पाहुण्यांना दिसेल, त्याचे छायाचित्र चांगले येईल, ही कारणे पाळणाऱ्याची आहेत, पाल्याची नव्हेत. त्यांतही फसवे कारण आहे ते औदार्याचे. ‘बिचाऱ्याला भरपूर मोठी जागा द्यावी’ असे आपणांस वाटते, कारण आपणांस स्वतःला मोठी जागा आवडते. परंतु जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाला उंच पेटी दिली तर तो काचेवर चढतो. चढला म्हणजे पडतो. आणि पडला म्हणजे त्याचे जड, नाजूक पोट फुटून तो जिवाला मुकतो. म्हणून त्याच्या पेटीत माती खोल भरतात आणि मातीपासून झाकणापर्यंतची उंची त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपट-दुप्पटीहून अधिक ठेवीत नाहीत. झाडावर राहणाऱ्या जातींना मात्र उभी पेटी आणि आत झाडाच्या सालीचा उभा तुकडा लागतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० सालचा कायदा पुरेशी उंची, लांबी व रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राण्यास कोंडणे हा अपराध मानतो. गुरे-पाखरांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ ज्याच्यासाठी पिंजरा आहे त्याच्या देहावरून लावावयाचा असतो. एकाची कृपा ती दुसऱ्याची हत्या होऊ शकते.

आता प्रत्यक्ष कृती. जाणते लोक आधी नवे घर सिद्ध करतात. काथ्याचा भुगा किंवा माती दाबून भरावयाची, सालीचा आडोसा ठेवावयाचा, बिळाची सुरुवात बोटाने करून द्यावयाची, पाण्याची उथळ वाटी मांडावयाची. मग दारे-खिडक्या बंद करून जुनी डबी एका मोठ्या टबात, जमिनीलगत उघडतात. हाताशी एक पारदर्शक पेला, एक पुठ्ठा आणि एक मऊ कुंचला असतो. कुंचला मागच्या पायांस हलकेच लावला की कोळी दोन पावले पुढे जातो. पुन्हा थांबावयाचे, पुन्हा लावावयाचे. त्याने पुढचे पाय उभारले तर हात आवरता घ्यावयाचा. त्याचा तो नकार आहे. ढकलणे, फुंकणे, चिमटीत धरणे वर्ज्य. कित्येकदा तर जुनी डबीच उघडून नव्या पेटीत ठेवतात आणि त्याला हवे तेव्हा तो बाहेर येतो. आम्हांस ही रीत सर्वांत न्याय्य वाटते; तीत पाल्याच्या संमतीच्या जवळपास जाणारे काहीतरी आहे.

या सावधगिरीत माणसाचेही हित आहे. अमेरिका खंडातील अनेक जाती पोटावरचे बारीक दाहक केस पायांनी उडवितात. ते डोळ्यांत रुतून बसलेल्या एका इंग्लंडमधील पाळणाऱ्याची हकीकत २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तो पेटी स्वच्छ करीत होता. आपल्याकडील झाडावरच्या जातींना असे केस नसतात, पण त्या अतिशय चपळ असतात आणि त्यांचा दंश झाल्यास स्नायूंत तीव्र पेटके येऊन ते काही दिवस टिकू शकतात. दुसऱ्याच्या भीतीचा मान न राखणाऱ्यास निसर्ग असा दंड करतो.

स्थलांतरानंतरचे कर्तव्य सर्वांत सोपे दिसते आणि सर्वांत कठीण असते. ते म्हणजे काही न करणे. नव्या घरात कोळी कोपऱ्यात आखडून बसतो, कधी काचेवर चढतो, कित्येक दिवस अन्नास शिवत नाही. धन्याचे मन कासावीस होते. तो पेटी उघडून पाहतो, जागा बदलतो, किडे टाकून पाहतो. हे प्रेम नव्हे, हा आपल्या अस्वस्थतेवरचा उपचार आहे आणि त्याची किंमत कोळी देतो. पाणी असावे, आडोसा असावा, न खाल्लेला रातकिडा काढून घ्यावा, कारण कात टाकणाऱ्या कोळ्यास तो कुरतडतो. यापलीकडे दूर राहावे. एके दिवशी बिळाच्या तोंडाशी रेशमाचे चार धागे दिसतात. घर मान्य झाल्याचा तोच निकाल.

येथे एक आक्षेप येईल. कोळ्यासाठी एवढा खल कशाला? त्यास कायद्याचेच उत्तर आहे. १९६० च्या त्याच कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. आणि कल्याणाचे कर्तव्य केवळ मालकावर नव्हे, तर प्राणी ज्याच्या ताब्यात आहे अशा प्रत्येकावर टाकलेले आहे. कर्तव्य ताब्यातून उत्पन्न होते, ममतेतून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढी काळजी घ्यावयाची तर मुळात पाळावाच कशाला? आणि त्याला खावयास जिवंत किडे द्यावयाचे ते कोणत्या न्यायाने? मांसाहारी जीव आश्रयास घेणाऱ्याने त्याच्या आहाराचे पापपुण्यही पदरात घेतले, हे मान्यच केले पाहिजे. त्याला डाळभात घालून आपण निर्मळ राहू म्हणणे ही क्रूरताच. अशी हिंसा ज्याला साहवत नाही त्याने हा जीव घरी आणूच नये. तो निर्णय आम्हांस आदरणीय वाटतो. बाळगण्याच्या प्रश्नास मात्र दोन उत्तरे आहेत. मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीचे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. त्या गुत्तीस १८९९ साली एक निळा तेजस्वी कोळी नोंदला गेला. तो मूळचा तिथला नसून रेल्वेच्या लाकडांबरोबर तेथे आला असावा, असे अभ्यासक मानतात. पुढे शंभर वर्षांनी तो नंद्याल आणि गिद्दलूर यांमधील जंगलात आढळला. जंगल तुटत गेल्याने २००८ साली त्याची गणना नामशेष होण्याच्या अगदी काठावरील जातींत झाली, आणि तरीही युरोप-अमेरिकेतील पेट्यांत तो शोभेसाठी दिसतो. २०१९ साली त्याची सबंध प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या यादीत आली. अशा जिवाला बिळातून किंवा झाडाच्या ढोलीतून उपटून आणणाऱ्यास पुढची कोणतीही काळजी निर्दोष करू शकत नाही. जो पेटीतच जन्मला, ज्याला परक्या रानात सोडणे म्हणजे त्याला मारणे किंवा त्या रानास उपद्रव देणे होय, त्याची गोष्ट निराळी. त्याच्यापुरता प्रश्न ‘बाळगावा का’ हा उरत नाही. ‘आता वीस वर्षे कसा बाळगावा’ एवढाच उरतो.

म्हणून आमचे मत असे की, मुक्या जिवाचे घर बदलण्याचा अधिकार मालकीतून येत नाही. गरज त्याची आहे, वेळ त्याची आहे आणि काम होताच आपण दूर होणार आहोत, या तीन गोष्टी ज्याला स्वतःपुढे शपथेवर सांगता येतील, त्यालाच तो अधिकार. कोळी त्याचे उपकार स्मरणार नाही. हात पेटीत गेला तर वीस वर्षांनंतरही पुढचे पाय उभारील. ज्या सेवेची पोचपावती कधीच मिळावयाची नाही, ती चोख करणे, हीच कर्तव्याची खरी परीक्षा आहे. आणि ज्यांच्यापाशी संमती मागता येत नाही अशी माणसेही आपल्या घरांत असतात: तान्ही मुले, भान हरपलेले वृद्ध. त्यांची खोली, त्यांचे अंथरूण, त्यांचे गाव आपण त्यांच्या हिताच्या नावाने बदलतो. त्या वेळी पुरावा कोणाचा घेतला, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.