कुंपणाची चांगली बाजू

कुंपण घालावे की न घालावे, या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी शाई खर्च केली आहे; पण ते कसे घालावे हा प्रश्न त्यांनी सुतारावर सोपवून दिलेला दिसतो. रूसोने १७५५ साली विषमतेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात जमिनीच्या तुकड्याला पहिल्यांदा कुंपण घालून ‘हे माझे’ म्हणणाऱ्या माणसाला त्याने साऱ्या अनर्थांचा मूळ पुरुष ठरविले. त्या मूळ पुरुषाने खांब कोणत्या लाकडाचे पुरले, त्यांना वाळवी लागली की नाही, आणि शेजारणीची आगरात जायची वाट त्यात अडली का, याविषयी रूसो काही सांगत नाही. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसाला गेल्या वर्षी कुंपण घालताना मला मात्र वाटू लागले की, नीतीचा सगळा कारभार या किरकोळ गोष्टींतच चालतो.

कोकणात कुंपणाला साहित्याची वाण नाही. जांभ्या दगडाचा गडगा आहे, करवंदीच्या काट्यांची वई आहे, निवडुंग आहे. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून अडुळसा आहे, मोगली एरंड आहे. पांगाऱ्याचा किंवा गिरिपुष्पाचा खुंट पावसाच्या तोंडाला नुसता रोवला तरी श्रावणापर्यंत त्याला पालवी फुटते. आणि आता मुंबई-पुण्याच्या मंडळींनी घेतलेल्या जागांभोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली आहे. ती दुरूनच ओळखू येते.

गडगा सर्वांत टिकाऊ, यात वाद नाही. पण आमच्या भागात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि शेजारचे अंगण आमच्या परसापेक्षा हातभर उंच आहे. तिथले पाणी पिढ्यान्पिढ्या आमच्या परसातून उतरून ओढ्याला मिळते. गडगा घातला तर ते पाणी शेजाऱ्यांच्या चुलीपर्यंत तुंबेल. गडग्याला खाली भोके ठेवता येतात, हे खरे. पण पाचोळ्याने ती पहिल्या आठवड्यातच बुजतात. लाकडी कुंपणाच्या फळ्या जमिनीपासून चार बोटे वर ठेवल्या की पाणीही जाते आणि फळीचे टोकही कुजत नाही. शेजारधर्म आणि सुतारकाम यांचे असे एकमत क्वचितच होते.

काही स्नेह्यांनी सुचविले की कुंपण घालायचेच तर जिवंत घाला; लाकूड म्हणजे मेलेले झाड, आणि हिरवे कुंपण कसे सात्त्विक! या सात्त्विकतेवर माझा फारसा विश्वास नाही. इंग्रजी अमलात या देशात मिठाची चोरटी ने-आण अडवून कर वसूल करण्यासाठी जकातीची एक रेषा आखली होती. सिंधू नदीच्या बाजूपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत ती २००० मैलांहून अधिक लांब होती, आणि तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर यांची काटेरी वई वाढवलेली होती. सुमारे १२,००० माणसे तिच्या पहाऱ्याला असत. ती वई दाट व्हावी म्हणून जीव टाकून झटलेल्या अधिकाऱ्यांत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते. हेच गृहस्थ पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. १८७९ साली ती रेषा मोडीत निघाली. कुंपण चांगले हिरवेगार होते, त्यावर पाखरेही बसत असतील. पण गरिबाच्या पेजेतले मीठ महाग करण्यासाठी ते उभे होते. कुंपण कशाचे आहे यावरून त्याची जात ठरत नाही.

असो. आम्ही लाकूडच ठरविले. महाराष्ट्रात झाडतोडीसंबंधी १९६४ चा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडे आपल्या मालकीची असली तरी मनास येईल तशी तोडता येत नाहीत. आमचा जुना गोठा उतरवलेला होता, त्याचे किंजळीचे वासे आणि खांब पडून होते, म्हणून तो प्रश्न सुटला. मेस्त्रींनी एकेक खांब उलटापालटा करून, नखाने टोचून पाहिला. बाहेरचे पांढरे लाकूड त्यांनी तासून टाकले; वाळवीचे खाणे तेच, आतला गाभा ती सहसा धरत नाही. खांब साडेसहा फुटांचे, पैकी दोन फूट जमिनीत. पुरायचा भाग त्यांनी शेकोटीवर काळा होईपर्यंत भाजला, वर डांबर फासले. खड्ड्याच्या तळाशी खडी घातली. खांबाचा माथा सपाट न ठेवता तिरका कापला, म्हणजे पाणी ठरत नाही.

यात मला सर्वांत नवल वाटले ते खांब कुजण्याच्या जागेचे. मला वाटत होते की तो खोल मातीत कुजतो. तसे नाही. खोल मातीत ओल असते पण हवा कमी. वर हवा असते पण ओल टिकत नाही. बुरशीला दोन्ही लागतात, आणि दोन्ही मिळतात ती जमिनीच्या पातळीवर. तिथल्या चार-सहा बोटांत खांबाचा जीव जातो. म्हणून तिथे माती जराशी उंच करून, बाहेर उतार देऊन चोपायची. मेस्त्री म्हणाले, “काका, आत काय आणि वर काय, दोन्हीकडे तो सुखात असतो. उंबऱ्यावर मरतो.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “चांगली बाजू कोणाकडे करू?”

फळ्यांच्या कुंपणाला दोन बाजू असतात. एका बाजूने नुसत्या सरळ, गुळगुळीत फळ्या दिसतात. दुसऱ्या बाजूने खांब, आडव्या पट्ट्या आणि वाकवलेले खिळे. पैसे माझे, तेव्हा चांगली बाजू माझ्याकडे हवी, हा झाला व्यवहार. पण मी तिकडे चांगली बाजू ठेवली तर शेजाऱ्यांना रोज सकाळी उठून माझ्या कुंपणाची पाठ पाहावी लागणार. अमेरिकेत कित्येक गावांच्या नियमांतच लिहिलेले असते की गुळगुळीत बाजू बाहेर असावी. मेस्त्रींचे मतही तेच पडले, पण कारण निराळे: आडव्या पट्ट्या बाहेर ठेवल्या तर चोराला आयती शिडी! म्हणजे सौजन्य आणि स्वार्थ दोघेही एकाच दिशेला बोट दाखवू लागले. कांटने १७८५ सालच्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. गिऱ्हाईक टिकावे म्हणून जो पोरासोराला फसवीत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाला तो नैतिक मोल द्यायला तयार नाही. कांटच्या हिशेबाने माझ्या चांगल्या बाजूचे पुण्य शून्य. शेजाऱ्यांना मात्र फळ्या सरळ दिसतात, आणि त्यांच्या दृष्टीने तेवढे पुरे आहे असे मला वाटते.

चोराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. साडेचार फुटांचे कुंपण चोराला अडवीत नाही. माकडांना तर ती बसायची सोय आहे. आमच्याकडच्या टोळीने तिसऱ्या दिवशीच रांगेत बसून तिचा स्वीकार केला. ढोरांना ते अडविते, आणि आमच्या रोपांसाठी तेवढेच हवे होते. भात कापून झाले की गावची गुरे उनाड सुटतात. पण ढोरांखेरीज ते आणखी एकाच प्राण्याला अडविते: सभ्य माणसाला. ज्याच्याविरुद्ध कुंपण घालायची काही गरजच नव्हती, नेमका तोच ते मानतो. ज्यांच्या भलेपणाचा ते अपमान करते, त्यांच्याच भलेपणावर ते उभे असते.

हे मला पुस्तकात सापडले नाही. आमच्या परसाच्या उत्तर कोपऱ्यातून एक पायवाट जाते. शेजारच्या काकी लग्न होऊन आल्या तेव्हापासून, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, त्या वाटेने ओढ्यापलीकडच्या आपल्या आगरात जातात. मेस्त्रींनी खांबांची जागा आखायला सुतळी ताणली. अजून खड्डा एकही खणला नव्हता. दुसऱ्या दिवशी काकी रस्त्याने, पाऊण मैलाचा वळसा घालून, डोक्यावर सुपारीची पाटी घेऊन जाताना दिसल्या. एका सुतळीने त्यांना अडविले होते. आमच्या ही त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, “काकी, तिथे बेडे ठेवणार आहोत हो, तुम्ही वाट सोडू नका.” काकी म्हणाल्या, “ठेवा की. तुमची मर्जी.”

तो ‘मर्जी’ शब्द मला बोचत राहिला. काल जी वाट होती ती आज मेहेरबानी झाली होती, आणि ती मी अत्यंत गोड शब्दांत केली होती.

त्याच आठवड्यात एक वकील स्नेही आले. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असे आहे की एखादी वाट २० वर्षे उघडपणे, विनातक्रार, खंड न पडता, हक्क म्हणून वापरली तर तो हक्क मिळू शकतो. परवानगीने वापरली तर मात्र कितीही वर्षे लोटली तरी मिळत नाही. म्हणून त्यांचा सल्ला असा: “बेडे जरूर ठेवा. फक्त काकींकडून दोन ओळी लिहून घ्या, की तुमच्या परवानगीने जाते म्हणून. उद्या जमीन विकायची झाली तर अडचण नको.” सल्ला फुकट होता आणि कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता. पण त्यातली गंमत पाहा. काकींशी मी भांडलो असतो, तर त्यांचा हक्क निदान वादात तरी शाबूत राहिला असता. मी चांगुलपणा दाखविला तर तो कायमचा संपत होता. दया ही हक्काची मारेकरीण होऊ शकते, हे मला तोवर कधी सुचले नव्हते.

कुंपण आणि वाट यांचे भांडण काही आमच्याच गावचे नाही. अमेरिकेत १८७४ साली ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि दहा वर्षांच्या आत टेक्ससच्या मोकळ्या कुरणांत तारांचे जाळे झाले. १८८३ च्या अवर्षणात पाण्याची वाट अडलेल्या लोकांनी रात्री तारा कापायला सुरुवात केली. १८८४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने तार कापणे हा मोठा गुन्हा ठरविला. पण सार्वजनिक वाटेवरून कुंपण नेणाऱ्यावर दर तीन मैलांना फाटक ठेवण्याची सक्तीही केली. त्या कायद्यात मला आवडते ते हे की, फाटक तिथे कोणाच्या मर्जीवर नव्हते.

दोन ओळी मी लिहून घेतल्या नाहीत. पण न लिहून घेतल्याने ‘मर्जी’ काही पुसली जात नव्हती. ती मी काकींसमोर बोलून दाखविली असती तर आणखीच मोठी झाली असती. गुंता सुटला तो माझ्या शहाणपणाने नव्हे. बेड्याचे दोन उभे खांब झाले, त्यांना भोके पडली, आणि आडवे सरकवायला दांडे हवे होते. मेस्त्री बाजारातून लोखंडी नळ्या आणू म्हणत होते. दुपारी काकींचा नातू माणग्याचे चार दांडे खांद्यावर घेऊन आला. माणगा म्हणजे जवळजवळ भरीव बांबू; काकींच्या आगरातले बेट त्याचे आहे. चारी दांडे पेरे तासून, बेड्याच्या मापाने कापून आणलेले होते. माप त्यांनी कधी घेतले कोण जाणे. मागाहून काकी स्वतः आल्या, एकेक दांडा भोकातून सरकवून पाहिला, आणि मेस्त्रींना म्हणाल्या, “वरचे भोक मोठे झालेय. पाचर मारा.” मी पैशांचे विचारले नाही. विचारले असते तर फार मोठा अपराध झाला असता.

आता बेडे निम्मे त्यांचे आहे. येता-जाता त्या वरचे दोन दांडे सरकवतात आणि खालच्या दोहोंवरून, लुगडे आवरून, पलीकडे जातात. परत लावायला विसरतात ते बहुधा आमच्या घरचेच कोणी. मग त्यांची हाक येते, आणि आम्ही धावत जाऊन दांडे लावतो. या पावसाळ्यानंतर एक दांडा किडला आहे. नवा आणायचा तो काकी म्हणतात कार्तिकात, चांदणे सरले की. चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो, असे त्यांचे म्हणणे आहे.